चार महिन्यांचं गवत, बारा महिन्यांचे गोठे

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, रे रोड आणि शिवडीच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या धक्क्यांची नावं अजून रस्त्यांवर टिकून आहेत. कोल बंदर, लाकडी बंदर, टँक बंदर आणि हे बंदर. शेवटचं नाव ऐकून नवखा माणूस गोंधळतो आणि 'कुठलं बंदर?' असं पुन्हा विचारतो. इथला 'हे' इंग्रजी आहे, त्याचा अर्थ वाळलेलं गवत. जो माल जिथे उतरे त्याचं नाव त्या धक्क्याला, असा साधा हिशेब होता. कोळसा आणि लाकूड समजू शकतं. पण गवतासाठी अख्खा धक्का राखून ठेवावा लागावा, इतकं गवत हे शहर खात होतं, ही गोष्ट आज लालबाग-परळच्या टॉवरांखालून चालताना पटणं कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई जनावरांच्या बळावर चालत होती. 9 मे 1874 रोजी शहरात ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. विजेची ट्राम धावायला 1907 साल उजाडलं. माल वाहायला बैलांचे खटारे होते, श्रीमंतांच्या बग्ग्या होत्या, भाड्याच्या व्हिक्टोरिया होत्या, 1883 पासून महालक्ष्मीला शर्यतीचे घोडे होते. आणि गिरगावापासून दादरपर्यंत वाड्यावाड्यांतून म्हशींचे तबेले होते. दूध थंड ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे म्हशीच गिऱ्हाइकाच्या जवळ आणून बांधाव्या लागत. चाळीतल्या बाईने पहाटे लोटा घेऊन खाली उतरावं आणि समोर धार काढून घ्यावी, हीच दूध शुद्ध असल्याची खात्री.

या सगळ्यांच्या पोटाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पाचशे किलोच्या दुभत्या म्हशीला रोज तिच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे बारा-साडेबारा किलो कोरडा आहार लागतो. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, सात किलो, वाळलेल्या चाऱ्याचा धरला तरी एका म्हशीला वर्षाला अडीच टन चारा झाला. हजार म्हशींचा तबेला समूह असेल तर अडीच हजार टन. घोड्यांचं आणि बैलांचं खाणं वेगळं. मुंबई बेटावर एवढं गवत उगवणं शक्यच नव्हतं, आणि जे उगवत होतं त्यावरही वाद होते. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानात, आजच्या आझाद मैदानाच्या आसपास, गावकऱ्यांची गुरं चरत. 1838 च्या सुमाराला सरकारने त्यावर चराई लावली, गरीब गुरेवाल्यांना ती झेपेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळची किनाऱ्यालगतची गवताळ जमीन विकत घेतली आणि तिथे चराई फुकट ठेवली, असं सांगतात. चर्नी रोड हे नाव त्यावरून पडलं म्हणणारे आहेत, तसेच ते ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून पडलं म्हणणारे जाणकारही आहेत. नावाचा निवाडा काहीही होवो, शहरात चरायला जागा उरत नव्हती एवढं त्यातून नक्की कळतं. उरलेला सगळा चारा बाहेरून आणायचा होता, आणि तो जवळच होता: ठाणे जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर, ज्याला कोकणात वरकस जमीन म्हणतात तिथे.

इथून या विषयाची खरी गंमत सुरू होते.

कोकणात जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात काळीठिक्कर पडलेली टेकडी जुलैत गुडघाभर आणि सप्टेंबरात कमरेएवढ्या गवताने भरते. शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी अशी ही रानगवतं. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांत उन्हाचा आणि कार्बन वायूचा वापर करण्याची एक वेगळी, अधिक चलाख व्यवस्था असते, म्हणून ती एवढ्या झपाट्याने वाढतात. गावातली गुरं त्या चार महिन्यांत कितीही चरली तरी बरंच गवत उरतं. मग ऑक्टोबरात पाऊस थांबतो आणि पुढचे आठ महिने नवी काडी उगवत नाही. म्हणजे चार महिने अतिरेक आणि आठ महिने दुष्काळ. गुरं मात्र बारा महिने खातात. पशुपालनातली निम्मी अक्कल ही उरलेलं गवत पुढच्या महिन्यांत कसं न्यायचं यातच खर्च होते, आणि ही अडचण जगभरची आहे.

पण युरोपातल्या शेतकऱ्याला एक सवलत आहे जी आपल्याला नाही. तिकडे गवत जोमाने वाढतं तो काळ आणि ऊन पडतं तो काळ जवळजवळ एकच. जून-जुलैत गवत फुलावर येतं, तेव्हाच कोरडं ऊन असतं, कापून दोन-चार दिवस पसरलं की वाळलं. आपल्याकडे गवत सर्वांत कोवळं आणि कसदार असतं ते ऑगस्टात, आणि ऑगस्टात कोकणात धोतर वाळत नाही तिथे गवत काय वाळणार? वाळवायचं ऊन मिळतं ऑक्टोबरात. तोवर गवत फुलून, बी धरून, बी झाडूनही मोकळं होऊ लागतं. गवताचा सारा जीव बियांत जातो आणि काडीत राहतं ते लाकूड. फुलावर असताना ज्या गवतात सहा-आठ टक्के प्रथिनं असतात, त्यातच बी गळाल्यानंतर दोन-तीन टक्के उरतात. दिसायला तेच गवत, उंचीही तीच, वजनही फारसं घटलेलं नाही. पण म्हशीच्या दृष्टीने त्याचा निम्म्याहून जास्त माल निघून गेलेला.

हा निम्मा माल का महत्त्वाचा, हे कळायला गुराच्या पोटात डोकवावं लागतं. गाय-म्हैस स्वतः गवत पचवत नाही. तिच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि गवतातल्या तंतूंचं काम ते करतात. या जिवांना जगायला नत्र लागतं. चाऱ्यात प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची उपासमार सुरू होते, तंतू फुटायचं काम मंदावतं, कोटीपोट भरलेलंच राहतं आणि जनावर आणखी खात नाही. म्हणजे समोर गवताची गंज उभी असताना गुरं खंगतात, याचं कारण गवत कमी पडलं हे नसतं. गवत चुकीच्या दिवशी कापलं गेलं हे असतं. उन्हाळ्यात डोंगरावर उभं वाळलेलं पिवळं गवत बघून 'चारा भरपूर आहे' म्हणणारा माणूस शहरातलाच समजावा.

म्हणून कापणीचा मुहूर्त हा सगळ्या व्यवसायाचा कणा. पाऊस जाताजाता, दसऱ्याच्या मागे-पुढे, गवत फुलाच्या शेवटी असताना विळे लागले पाहिजेत. चार-सहा दिवस आधी कापलं आणि परतीच्या पावसाने गाठलं, तर पसरलेलं गवत काळं पडतं, बुरशी धरते. तीन आठवडे उशीर केला तर काडी उरते. शिवाय कुसळीसारखं गवत उशीर करणाऱ्याला वेगळीच शिक्षा देतं. तिच्या बीला एक लांब, पीळदार कुसळ असतं. ते ओलावा लागला की उलगडतं आणि वाळलं की पुन्हा पिळलं जातं, आणि या पिळण्या-उलगडण्यातून टोकदार बी स्वतःला जमिनीत घुसवून घेतं. मातीऐवजी गुराचं तोंड किंवा मेंढीची कातडी मिळाली तरी ते तेवढ्याच इमानाने आत शिरतं. कुसळ्या गळण्याआधी कापलेली कुसळी हा बरा चारा आहे, त्यानंतरची नव्हे.

कापलेलं गवत वाळवणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. हिरव्या गवतात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं. साठवायचं तर ते पंधरा टक्क्यांच्या आत यायला हवं. म्हणजे शंभर किलो हिरव्या गवताचे हाती येतात तीस-पस्तीस किलो. फार वाळवलं तर पानं चुरून गळतात, आणि कस पानांत असतो. उन्हात रंग उडाला की हिरवेपणाबरोबर कॅरोटिनही जातं, ज्याच्यापासून जनावराचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. जुने लोक मूठभर काड्या घेऊन पिळतात. ओल असेल तर त्या नुसत्या वळतात, सुकलेल्या असतील तर कडकन मोडतात. मग वास घेतात. चांगल्या गवताला गोडसर वास येतो, कुबट आला तर ते बाजूला. प्रयोगशाळेत भट्टीत घालून ओलावा मोजता येतो, पण पाऊस टेकडीपलीकडे गडगडत असताना ही मुठीतली परीक्षाच कामाची.

ओलं गवत गंजीत गेलं तर नुकसान कुजण्यावर थांबत नाही. ओलाव्यावर जिवाणू आणि बुरशी जोमाने वाढतात, त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते, आणि दाबून रचलेल्या गंजीतून ती बाहेर पडू शकत नाही. तापमान सत्तर अंशांच्या पुढे गेलं की सूक्ष्मजीव मरतात, पण तोवर रासायनिक ज्वलन सुरू झालेलं असतं आणि ते आपल्या बळावर पुढे चालतं. रचल्यानंतर काही आठवड्यांनी, कुणी काडी न ओढता, गंज आतून पेटते. लोखंडी सळई गंजीत खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढायची आणि हात लावून पाहायचा, ही त्यावरची जगभरची युक्ती. सळईला हात टेकवत नसेल तर गंज ताबडतोब उकलायची. दाट वस्तीच्या मुंबईत सुक्या गवताच्या वखारींना परवान्याच्या बंधनात ठेवलं गेलं ते उगाच नव्हे. लाकडी जिन्याच्या चाळींना खेटून गवताचा साठा म्हणजे आगीला आमंत्रणच.

सुरुवातीला हे गवत पडाव आणि मचव्यांतून खाडीमार्गे यायचं. भरतीवर निघायचं, पूर्व किनाऱ्याच्या धक्क्याला लागायचं. 1860 च्या दशकात बीबीसीआय रेल्वे ग्रँट रोडपासून उत्तरेकडे गुजरातला जोडली गेली आणि पालघर, डहाणू, उंबरगावच्या टेकड्या मुंबईच्या तबेल्यांना एकदम जवळ आल्या. पण सुटं गवत हा वाहतुकीच्या दृष्टीने वाईट माल. वजन नाही आणि जागा अडवतो. वॅगन भरून जाते आणि काटा हलत नाही. म्हणून दाबयंत्रात घालून त्याच्या चौकोनी गाठी बांधायच्या आणि तारेने आवळायच्या. ठाणे जिल्ह्यात कापणीच्या हंगामानंतर वखारींतून गाठी बांधण्याचं काम चाले. टेकडीवरचा निरुपयोगी वाटणारा उतार असा रोख पैसा देऊ लागला, आणि जो पैसा देतो त्या जमिनीवर मालकी सांगणारेही उभे राहतात. वारली आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली रानं सावकार-जमीनदारांच्या नावावर गेली आणि त्याच रानांतलं गवत कापायला वारली मजूर म्हणून, बऱ्याचदा वेठीने, उभे राहिले.

गिरगावातल्या माणसाच्या चहातलं दूध आणि डहाणूतल्या वारल्याच्या हातातला विळा यांचं नातं 1945 साली उघडं पडलं. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, त्याला काही वारली गेले होते. मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी इथे वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात काम करत होते. वेठ बंद करा ही पहिली मागणी. पावसाळा संपत आला तेव्हा दुसरी मागणी पुढे आली, आणि ती थेट गवताची होती: पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत. पाचशे रत्तल म्हणजे सव्वादोनशे किलोहून थोडं जास्त. विळ्याने, वाकून, कापून, भारे बांधून.

या संपाची ताकद कुठे होती, याचा विचार गवताच्या बाजूने करून पाहावा. गिरणीतला संप लांबला तर कापूस गोदामात पडून राहतो, तो खराब होत नाही. गवताचं तसं नाही. ऑक्टोबरातला प्रत्येक दिवस त्यातला कस घेऊन जातो, आणि थोड्याच आठवड्यांत ते तबेलेवाल्याच्या कामाचं राहत नाही. विळे खाली ठेवलेल्या वारल्यांना काहीच करावं लागत नव्हतं. बी पिकत होतं, काडी कडक होत होती आणि नुकसान मालकाचं होत होतं. मालकांनाही हे कळत होतंच. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे नाव त्यात पहिलं घेतलं जातं. संप त्यानंतरही मोडला नाही आणि बहुतेक ठिकाणी गवताचा मागितलेला दर मालकांना मान्य करावा लागला. गोदावरीबाईंनी ही सगळी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक माणसांबद्दल आहे, यात शंका नाही. पण ते मुंबईच्या दुधाबद्दलही आहे, हे वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

मुंबईत पोचलेल्या गाठीचं पुढे काय होई? तबेल्यातला भय्या तार तोडून गाठ सोडायचा. एवढ्या कडक गवतावर म्हैस दूध देणार नाही हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, म्हणून जोडीला सरकी, पेंड, भुसा. सरकी म्हणजे कापसाचं बी, रुईपासून वेगळी केलेली, प्रथिनांनी भरलेली. गवत कोटीपोट भरायचं आणि सरकी त्यातल्या जिवांना नत्र पुरवायची. कापसाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या शहरात दुधाची भिस्तही अशी कापसाच्या बियांवर होती. खर्चाचं गणित मात्र निर्दय होतं. दूध आटलेली भाकड म्हैस पुन्हा गाभण राहून व्यायपर्यंत विकतच्या चाऱ्यावर पोसणं तबेलेवाल्याला परवडत नसे, आणि चांगल्या जातीच्या म्हशी एका वेतानंतर कसायाकडे जात. चारा दूर आणि जनावर शहरात, या उलट्या मांडणीची ती किंमत होती.

तोडलेल्या तारेची गोष्ट परळला जाऊन संपते. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत उभं राहिलं आणि त्याच्या आवारात 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गाई-म्हशी खाताना चारा निवडत बसत नाहीत, घास जिभेने ओढून आत घेतात आणि रवंथ पुढे सावकाश करतात. त्यात तारेचा तुकडा किंवा खिळा असला तर तोही जातो आणि जड असल्यामुळे कोटीपोटापुढच्या जाळपोटात पडतो. या कप्प्याच्या आतल्या अस्तरावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यात तार अडकते. जाळपोट आणि हृदय यांच्यात फक्त पातळ पडदा. पोट आकसलं की तार पुढे सरकते, पडदा भेदते आणि हृदयाच्या आवरणाला टोचते. जनावर पाठ वाकवून उभं राहतं, उतारावरून खाली चालायला नाखूश असतं, दूध एकाएकी आटतं. शल्यक्रिया करून तार काढतात. आणि एक उपाय ऐकायला जादूटोण्यासारखा आहे: बोटाएवढं गुळगुळीत लोहचुंबक जनावराला गिळवायचं. ते जाळपोटात जाऊन बसतं आणि आलेली प्रत्येक तार स्वतःला चिकटवून घेतं. गाठींना तारेऐवजी सुतळी वापरली तर हा सगळाच खटाटोप टळतो, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी ती वापरतातही.

स्वातंत्र्यानंतर या उलट्या मांडणीवर सरकारने हात घातला. 1949 मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या सुमारे तेराशे हेक्टरांच्या वसाहतीत शहरातल्या तबेल्यांतल्या सोळा हजार म्हशींची सोय होती. 1963 मध्ये खुरोडींना अमूलचे वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो दुधाच्या कामासाठीच. आरेमध्ये चाऱ्याच्या प्रश्नालाही नवं उत्तर शोधलं गेलं: पॅरा गवत. आफ्रिकेतून जगभर पसरलेलं हे गवत पाणथळ जागेत, अगदी सांडपाण्यावरही फोफावतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहायचं. आठ महिन्यांच्या दुष्काळाला पाणी पाजून मारायचा हा मार्ग. पुढे डहाणू तालुक्यातल्या दापचरीला आणखी मोठा दुग्धप्रकल्प काढून मुंबईच्या म्हशी थेट गवताच्या प्रदेशात नेण्याचा घाट घातला गेला. कल्पना बरोबर होती, पण तबेलेवाले गिऱ्हाइकापासून इतकं लांब जायला तयार नव्हते आणि तो प्रकल्प फारसा रुजला नाही. दूध आता लांबून टँकरने येतं. जनावर हलवण्यापेक्षा, गवत हलवण्यापेक्षा, दूध हलवणं स्वस्त पडलं. शीतगृहाने जिंकलेली ही लढाई आहे.

मग कोकणातलं उरलेलं गवत आज कुठे जातं? काही अजूनही कापून विकलं जातं. बरंचसं उभंच वाळतं आणि फेब्रुवारीपासून पुढे वणव्यात जातं. वणव्याने नवी पालवी चांगली फुटते अशी एक समजूत आहे. ती पूर्ण खोटी नाही, पण त्याबरोबर चाऱ्याचा साठा, रोपटी आणि मातीवरचं आच्छादन सगळंच जळतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळी वाट काढली. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचं, आणि ज्याला हवं त्याने विळ्याने कापून न्यायचं. मोकाट चराईत गुरं कोवळे कोंब पहिल्यांदा खातात आणि चांगली गवतं आधी संपतात. विळा सगळं एका पातळीवर कापतो. फरक एवढाच, पण तो दहा वर्षांत रान बदलतो.

ऑगस्टातलं कसदार गवत न वाळवता टिकवण्याची रीत म्हणजे मुरघास. चारा बारीक कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत दाबायचा, हवा पूर्ण काढून टाकायची आणि दीड महिना झाकून ठेवायचा. हवा नसली की दुग्धाम्ल बनवणारे जिवाणू कामाला लागतात आणि आम्लता इतकी वाढते की कुजवणारे जिवाणू जगू शकत नाहीत. पुणे, नगर, कोल्हापूरकडे मक्याचा मुरघास आता घरोघरी झाला आहे. रानगवताचा मात्र सहजी होत नाही, कारण त्यात पाणी फार आणि साखर कमी. थोडी मळी किंवा गूळ मिसळावा लागतो, आणि पावसाच्या दोन सरींच्या मधे गवत थोडं सुकवूनही घ्यावं लागतं. कोकणाच्या भर पावसात हे करणं म्हणजे मेहनतच आहे, आणि ती परवडावी इतका दर कुणी देत नाही. ज्याच्याकडे कडक वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढाच आहे त्याच्यासाठी दुसरा उपाय आहे: शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायचा. त्याने तंतू सैल होतात आणि नत्रही मिळतं. प्रमाण मात्र मोजूनच, कारण जास्त युरिया म्हणजे विष.

शहरात गवत अजून दिसतं, पण भक्तीच्या रूपात. गणपतीच्या दिवसांत दादरच्या फुलबाजारात आणि लालबागच्या गल्ल्यांत दूर्वांच्या जुड्या विकायला बसतात. ही दूर्वा म्हणजे हरळी, जिच्या मुळ्या खणताखणता देशावरचा शेतकरी जन्मभर हैराण होतो. देवळांबाहेर गाय घेऊन बसलेल्या बायका असतात. गाय बहुतेकदा दुसऱ्याची, पेंढी विकत आणलेली. भाविक पैसे देतो, गाय खाते. आणि भुलेश्वरला, गिरगावच्या अंगालाच, 1834 साली जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या गुजराती सहकाऱ्यांनी स्थापन केलेली पांजरापोळ अजून चालू आहे. संक्रांतीला तिथे गाईंना चारा घालायला रांगा लागतात.

त्या रांगेतल्या प्रत्येकाला एक विनंती. गाय दिवसाला बारा-पंधरा किलो कोरड्या आहाराच्या पलीकडे खाऊ शकत नाही, तुमची पेंढी कितवी आहे याने तिच्या पोटाला फरक पडत नाही. लाडू, पोळ्या, भात तर देऊच नका. कोटीपोटात पिठूळ पदार्थ एकदम पडले की आम्लता चढते आणि त्यात गाय दगावू शकते. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट काहीही पुढे करू नका. आणि चाऱ्यासाठी पैसे द्यायचे असतील तर जानेवारीत न देता एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. गंजी तेव्हाच संपलेल्या असतात, चाऱ्याचे भाव तेव्हाच सर्वांत वर असतात, आणि डोंगरावर नवं गवत यायला अजून महिना असतो.